क्लासवर एक्सपोर्टचा मॅक्रो लावला आणि कंपायलर भडकला: एका डीएलएलचं प्रकरण

आधी सेटअप सांगतो. मरोळला आमची छोटी टीम आहे, पॅथॉलॉजी लॅबमधली मशीन्स आणि लॅबचं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर यांच्यामध्ये बसणारा कोड आम्ही लिहितो. म्हणजे ब्लड सेलची किंवा बायोकेमिस्ट्रीची मशीन सिरीयल पोर्टवरून नाहीतर नेटवर्कवरून एएसटीएम फॉरमॅटमध्ये (लॅबच्या मशीन्सचा ठरलेला डेटा फॉरमॅट) रिझल्ट ओकत असते, तो पकडायचा, चेकसम तपासायचा, त्यातले पेशंट, ऑर्डर, रिझल्ट असे रेकॉर्ड वेगळे करायचे आणि पुढे द्यायचे. सगळं सी प्लस प्लसमध्ये. परळच्या एका क्लायंटकडे हे लिनक्सच्या छोट्या डब्यांवर बरीच वर्षं शांतपणे चालू होतं, एसओ फाइल (लिनक्सची शेअर्ड लायब्ररी) म्हणून, आणि त्यात कोणीच हात घालत नव्हतं.

मग झालं असं की त्याच क्लायंटला दादर आणि मुलुंडच्या कलेक्शन सेंटरवर विंडोजच्या पीसीवर तेच हवं झालं. तिथे दोन प्रोग्रॅम, एक बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस आणि एक रिसेप्शनची स्क्रीन, दोघांना आमची लायब्ररी लागणार, शिवाय रिपोर्टिंगवाला व्हेंडर वेगळा, तो म्हणे आम्हाला सोर्स नको, डीएलएल (विंडोजची तशीच शेअर्ड लायब्ररी) आणि हेडर (त्यात काय काय आहे ते सांगणारी फाइल) द्या. ठीक आहे, मागणी रास्त आहे. कोड लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरवर बिनवॉर्निंग चालतोय, व्हिज्युअल स्टुडिओमध्ये स्टॅटिक लायब्ररी म्हणूनही बिल्ड झालेला, तर डीएलएलला असा किती वेळ लागणार असं सगळ्यांनाच वाटत होतं.

ज्यांनी फक्त लिनक्सवर काम केलंय त्यांच्यासाठी दोन ओळी. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीत तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर सगळे सिंबल, म्हणजे फंक्शनांची आणि डेटाची नावं, बाहेर दिसतात. विंडोजवर बरोबर उलटं, वेगळं काही सांगितलं नाही तर काहीच दिसत नाही. म्हणून तिथे हेडरमध्ये डेक्लस्पेक लावावा लागतो, लायब्ररी बिल्ड करताना डीएलएलएक्सपोर्ट आणि वापरणाऱ्याच्या बाजूने डीएलएलइम्पोर्ट, आणि हे दोन्ही एकाच मॅक्रोमागे लपवायचे.

पहिला जुगाड सीमेकचाच, म्हणजे आमच्या बिल्ड टूलचाच, केला. सीमेक ३.४ पासून विंडोजवर सगळे सिंबल आपोआप एक्सपोर्ट करायची एक प्रॉपर्टी आहे, ती चालू केली की ते ऑब्जेक्ट फाइल्स वाचून स्वतःच डेफ फाइल (एक्सपोर्टची यादी) बनवतं. कोडला हात न लावता डीएलएल बनली, टीममध्ये आनंद. पण ही प्रॉपर्टी फंक्शनांपुरती भागवते, डेटाचं काम तिच्याने होत नाही. आमच्याकडे युनिट बदलायचं एक टेबल आहे, ग्लुकोज मिलीग्रॅम पर डेसीलिटरमधून मिलीमोलमध्ये वगैरे, ते क्लासचं स्टॅटिक मेंबर आणि त्याला हात घालणारं फंक्शन हेडरमध्ये इनलाइन. झालं, रिसेप्शनची स्क्रीन लिंक करताना एलएनके २००१, म्हणजे लिंकरला ते नाव सापडलं नाही. कारण डीएलएलमधल्या डेटापर्यंत पोचायला क्लायंटच्या (म्हणजे इथून पुढे, डीएलएल वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कोडला तो इम्पोर्टेड आहे हे कंपाइल करतानाच माहीत असावं लागतं, फंक्शनसाठी लिंकर मधे एक छोटी उडी टाकून निभावून नेतो, डेटाला तशी सोय नाही. दुसरी गोष्ट, डीएलएलमध्ये एक्सपोर्टची मर्यादा ६५५३५ आहे, टेम्प्लेटने भरलेल्या मोठ्या लायब्ररीत सगळंच एक्सपोर्ट केलं तर एलएनके ११८९ येऊन धडकतो. आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो, पण आतल्या सगळ्या घाणेरड्या हेल्पर फंक्शनांसकट डीएलएल व्हेंडरच्या हातात द्यायची हे मला तरी पटत नव्हतं. ती प्रॉपर्टी बंद केली.

मग रीतसर मार्ग. सीमेकच्या एक्सपोर्ट हेडर बनवणाऱ्या मॉड्यूलने मॅक्रो तयार करून घेतला आणि प्रत्येक पब्लिक क्लासच्या नावाआधी लावला. आणि इथून खरा लोच्या सुरू झाला.

पहिला एरर सी २२८०, डिलीट केलेल्या फंक्शनचा वापर करताय म्हणून. गंमत म्हणजे एरर आमच्या फाइलवर नाहीच, कंपायलरच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या एक्समेमरी नावाच्या हेडरमध्ये कुठेतरी खोल, आणि खाली नोट्सची मोठी माळ, त्यात शेवटाकडे आमच्या मेसेज क्लासचं नाव. टीममधली ज्युनियर मुलगी वैतागून म्हणाली, "सर, मी तर कुठे कॉपीच करत नाहीये, मग हे डिलीट केलेलं फंक्शन बोलावतंय कोण?"

"तू नाही बोलावत, तो मॅक्रो बोलावतोय."

प्रश्न तिचा अगदी बरोबर होता आणि सगळं प्रकरण त्या प्रश्नातच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मेसेज क्लासमध्ये रेकॉर्डचा व्हेक्टर (वाढत जाणारी यादी) आहे, आणि रेकॉर्ड वेगवेगळ्या प्रकारचे, म्हणून व्हेक्टरमध्ये युनिक पॉइंटर, म्हणजे एकच मालक असलेले, कॉपी न होणारे पॉइंटर ठेवलेले. क्लासला कॉपी कन्स्ट्रक्टर (कॉपी बनवणारं फंक्शन) कोणी लिहिलेला नाही, म्हणजे कंपायलर तो स्वतः डिक्लेअर करतो. आता युनिक पॉइंटर थेट मेंबर असता तर कंपायलरला कळलं असतं की हा कॉपी होत नाही, आणि त्याने आपल्या क्लासची कॉपी गुपचूप डिलीट करून टाकली असती, विषय संपला असता. पण मधे व्हेक्टर आहे. व्हेक्टर बाहेरून विचारलं तर म्हणतो मी कॉपी होतो, आतल्या वस्तूला ते झेपतं का हे तो आधी बघतच नाही, प्रत्यक्ष कॉपीचा कोड बनवायची वेळ आली की मगच बोंबलतो. जीसीसीवर, किंवा विंडोजवरच पण डीएलएलएक्सपोर्ट न लावता, ती वेळ कधी येतच नाही, कारण कोणी कॉपी करत नाही आणि न वापरलेल्या इम्प्लिसिट फंक्शनचा कोड कंपायलर बनवत नाही.

क्लासवर डीएलएलएक्सपोर्ट लावला की हा आळस संपतो. कंपायलरला उद्या कुठला क्लायंट काय मागेल ते माहीत नाही, म्हणून तो क्लासमधलं सगळं तयार करून ठेवतो, कॉपी कन्स्ट्रक्टर, असाइनमेंट, डिस्ट्रक्टर, व्हीटेबल (व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता), स्टॅटिक मेंबर, सगळं. भाडेकरूला एक खोली द्यायची होती आणि पागडीच्या कागदावर अख्खी चाळ लिहून दिली, तसला प्रकार. जे कोणालाच नको होतं ते बनवायला गेला आणि तिथे आपटला. त्यामुळे इंटरनेटवर लोक याला कंपायलरचा बग म्हणतात ते मला मान्य नाही, त्याला जे सांगितलं ते तो करतोय, फक्त आपण काय सांगितलं ते आपल्याला ठाऊक नसतं.

उपाय सरळ, मेसेज क्लासमध्ये कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंट दोन्ही स्वतःच्या हाताने डिलीट लिहायचे. ते केलं, तो एरर गेला, आणि दुसऱ्या फाइलमध्ये परत सी २२८०! यावेळी मात्र खराखुरा. कारण कॉपी डिलीट म्हणून लिहिली तरी भाषेच्या हिशोबाने ती तुम्ही डिक्लेअर केलेली धरतात, आणि मग कंपायलर मूव्ह कन्स्ट्रक्टर (कॉपी न करता आतला माल हलवणारं फंक्शन) स्वतःहून देत नाही. सर्व्हिसमध्ये मेसेजची रांग आहे, त्यात मेसेज मूव्ह होऊन जातो, ते बंद पडलं. मग मूव्हचे दोन्ही डिफॉल्ट म्हणून लिहिले. म्हणजे चारही ओळी एकत्रच लिहायच्या, दोनच लिहून पळायचं नाही.

याच आजाराचा दुसरा पेशंट लिंक नावाचा क्लास. यात आतली सगळी वायरिंग पिंपलने, म्हणजे एका पॉइंटरमागे, लपवलेली, हेडरमध्ये आतल्या क्लासचं फक्त नाव, व्याख्या सीपीपी फाइलमध्ये, डिस्ट्रक्टरही व्यवस्थित सीपीपीमध्ये. पण कोणीतरी कधीतरी हेडरमध्येच मूव्ह असाइनमेंट डिफॉल्ट लिहून ठेवलेलं, जे कोणी वापरत नव्हतं. एक्सपोर्ट लावल्यावर तेही बनायला लागलं, मूव्ह असाइनमेंटमध्ये जुना पॉइंटर डिलीट करावा लागतो, त्याला आतला क्लास पूर्ण माहीत हवा, तो नाही, म्हणून सी २०२७, व्याख्या नसलेला टाइप वापरताय. हेडरमध्ये फक्त डिक्लेअर करायचं आणि डिफॉल्ट हा शब्द सीपीपीमध्ये न्यायचा, काम झालं.

एक शॉर्टकटही सुचवला गेला, की बूस्ट लायब्ररीच्या नॉनकॉपिएबल क्लासवरून सगळे क्लास डिराइव्ह करू, चार ओळी वाचतील. कॉपीचा प्रश्न त्याने सुटतो हे खरं, पण लगेच सी ४२७५ वॉर्निंग उभी राहते, की एक्सपोर्ट केलेल्या क्लासचा बेस एक्सपोर्ट केलेला नाही. एक झोल मिटवून दुसरा कशाला घ्या. नाही केलं.

आता वॉर्निंग. आमच्या बिल्डमध्ये सगळ्या वॉर्निंगना एरर मानायचा फ्लॅग आहे आणि तो काढायला मी तयार नव्हतो, म्हणून पुढचा पाऊस सी ४२५१ चा. ज्या एक्सपोर्टेड क्लासमध्ये स्ट्रिंग, व्हेक्टर, मॅप असं काहीही प्रायव्हेट मेंबर आहे तिथे ही येते, की या मेंबरच्या टाइपला डीएलएल इंटरफेस नाही. नव्वद टक्के उत्तरं सांगतात प्राग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) टाकून गप्प करा. आणि अनेकदा ते चालतंही, कारण व्हेक्टर हा टेम्प्लेट आहे, क्लायंट स्वतःची कॉपी बनवून घेतो, लिंक होतं, चालतं.

पण वॉर्निंग सांगतेय काय ते ऐका. ती म्हणतेय की या मेंबरची मांडणी तुमच्या डीएलएलमध्ये आणि क्लायंटमध्ये सारखीच असेल हे तुम्ही गृहीत धरताय. चौसष्ट बिटवर मायक्रोसॉफ्टच्या रिलीज बिल्डमध्ये स्टँडर्ड स्ट्रिंग ३२ बाइटची, डीबग बिल्डमध्ये ४० बाइटची, कारण डीबगमध्ये इटरेटर तपासायला एक जादा पॉइंटर असतो. व्हेक्टर २४ आणि ३२. आता व्हेंडरने आपला प्रोग्रॅम डीबगमध्ये बिल्ड केला आणि आमची रिलीज डीएलएल जोडली, तर त्याच्या लेखी आमचा क्लास एका आकाराचा आणि आमच्या लेखी दुसऱ्या, पुढचा प्रत्येक मेंबर सरकलेला. स्टॅटिक लायब्ररी असती तर लिंकरने एलएनके २०३८ देऊन तिथेच कॉलर पकडली असती, कारण ऑब्जेक्ट फाइलमध्ये डीबग की रिलीज ही खूण असते. डीएलएलच्या इम्पोर्ट लायब्ररीत ती खूण नसते, त्यामुळे सगळं गोडीगुलाबीने लिंक होतं आणि रिसेप्शनला पेशंट उभा असताना क्रॅश होतं, किंवा त्याहून वाईट, क्रॅश न होता भलतंच छापतं. लॅबच्या रिपोर्टमध्ये हे परवडणारं नाही, त्यामुळे सरसकट प्राग्मा हा उपाय मी बाजूला ठेवला.

मधे दोन किरकोळ गोष्टी. युनिट टेस्टचा प्रोजेक्ट लायब्ररीच्या सीपीपी फाइल्स थेट स्वतःमध्ये घेऊन कंपाइल करतो, तिथे डीएलएल बनत नाही म्हणून सीमेक एक्सपोर्टची व्याख्या देत नाही, मॅक्रो इम्पोर्ट होतो, आणि फंक्शनांवर सी ४२७३, युनिट टेबलच्या स्टॅटिक मेंबरवर सी २४९१, म्हणजे इम्पोर्ट म्हणवून वर व्याख्याही देताय. मॅक्रोला तिसरी अवस्था लागते, रिकामी, स्टॅटिक बिल्ड आणि असल्या टेस्टसाठी. सीमेकने बनवलेल्या हेडरमध्ये त्याची सोय असते, ती व्याख्या टेस्टच्या टार्गेटला दिली की संपलं.

दुसरी जरा विचित्र. रिझल्टलिस्ट नावाचा क्लास कोणीतरी थेट रिझल्टच्या व्हेक्टरवरून डिराइव्ह केलेला. तो एक्सपोर्ट केला की मायक्रोसॉफ्टचा कंपायलर बेस असलेला तो व्हेक्टरही परस्पर एक्सपोर्ट करतो. सर्व्हिसमध्ये एका फाइलने आमचं हेडर घेतलेलं, दुसऱ्या फाइलने रिझल्टलिस्ट न घेता तोच रिझल्टचा व्हेक्टर स्वतः बनवलेला, आता एकाच फंक्शनच्या दोन व्याख्या, एक डीएलएलमधली एक इथली, एलएनके २००५. आणि हा एरर फाइल्सच्या क्रमावर अवलंबून येतो-जातो, त्यामुळे एकाच्या मशीनवर बिल्ड होतं आणि दुसऱ्याच्या नाही. व्हेक्टर बेस न ठेवता आत मेंबर केला. स्टँडर्ड कंटेनरवरून डिराइव्ह करू नये हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, पण त्याचं हे कारण मला तरी आधी कोणी सांगितलेलं नव्हतं.

एवढं सगळं झाल्यावर बिल्ड हिरवं होण्याच्या मार्गावर होतं, फक्त सी ४२५१ उरलेली. तेव्हा बसून वेगळा विचार केला की क्लासवर मॅक्रो हवाच कशाला? व्हेंडरला मेसेज क्लासमधली मोजून पाच-सहा फंक्शनं लागतात. मॅक्रो क्लासच्या नावावरून काढून त्या फंक्शनांवर एकेक करून लावला. दोन्हीकडे ठेवता येत नाही, क्लासवरही आणि मेंबरवरही लावलं तर सी २४८७ येतो. क्लासवरून काढल्या काढल्या सी ४२५१ गायब, आणि कॉपी डिलीट लिहायची सक्तीही संपली, कारण न मागितलेलं बनवायला आता कोणी सांगत नाही. तरी त्या चार ओळी आम्ही ठेवल्याच, वाचणाऱ्याला कळतं की हा क्लास कॉपी करायचा नाही.

पण वॉर्निंग गेली म्हणजे मांडणीचा धोका गेला असं अजिबात नाही, उलट आता तो सांगणारंही कोणी नाही. म्हणून जे क्लास व्हेंडरच्या हातात जातात त्यांचे सगळे प्रायव्हेट मेंबर पिंपलमागे ढकलले, बाहेरून बघाल तर आत एकच पॉइंटर, आणि पब्लिक फंक्शनमधून स्ट्रिंग घेणं-देणं बंद, कॅरेक्टर पॉइंटर आणि लांबी. जुन्या वळणाचं दिसतं, व्हेंडरच्या माणसाने नाक मुरडलंच, पण डीबग-रिलीजची भानगड संपली. आम्ही आपसात वापरतो, म्हणजे आमची सर्व्हिस आणि आमची स्क्रीन, तिथे स्ट्रिंग तशाच ठेवल्या, कारण तिन्ही गोष्टी एकाच बिल्डमधून एकाच कंपायलरने निघतात. तिथेही पिंपल करत बसणं म्हणजे उगाच टाइमपास.

मेंबरनिहाय एक्सपोर्टची एक किंमत आहे. क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शनं असतील आणि क्लायंट त्यावरून स्वतःचा क्लास डिराइव्ह करणार असेल, तर न ओव्हरराइड केलेली प्रत्येक व्हर्च्युअल त्याच्या व्हीटेबलला लागते, म्हणजे प्रायव्हेट असली तरी एक्सपोर्ट करावी लागते, एखादी विसरलात की लिंकर ओरडतो. निदान लिंकर ओरडतो हे बरंय.

लिनक्सवरही मग तीच शिस्त आणली, व्हिजिबिलिटी हिडन फ्लॅग (सांगितल्याशिवाय काहीच बाहेर दिसत नाही), जो जीसीसीत ४.० पासून म्हणजे २००५ पासून आहे. कारण रोजचं काम लिनक्सवर होतं, विंडोजचं बिल्ड रात्री, आणि एक्सपोर्ट लावायला विसरलेलं फंक्शन सकाळी कळणं हा वैताग. आता लिनक्सवरच लिंक होताना कळतं. इथे मात्र एक्सेप्शनच्या क्लासने हिसका दाखवला. फंक्शनं दिसतात पण क्लासची टाइपइन्फो (टाइप ओळखायची माहिती) हिडन राहिली, आणि सर्व्हिसमध्ये तो एक्सेप्शन कॅच करायला गेलं की टाइपइन्फो सापडत नाही म्हणून लिंक तुटतं. म्हणजे लिनक्सवर एक्सेप्शनच्या अख्ख्या क्लासवर मॅक्रो हवा, आणि विंडोजवर लावला तर बेस रनटाइम एरर हा स्टँडर्ड लायब्ररीतला क्लास असल्यामुळे सी ४२७५. म्हणून दुसरा छोटा मॅक्रो, जो लिनक्सवर व्हिजिबिलिटी देतो आणि विंडोजवर रिकामा, आणि एक्सेप्शनची फंक्शनं दोन्हीकडे चालतील अशी मेंबरनिहाय. दोन मॅक्रो बघून नवीन माणूस विचारतोच, तेव्हा हेडरमध्ये वर तीन ओळींची कॉमेंट आहे.

तपासायला डंपबिन (डीएलएलच्या आत बघायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) घेतला, त्याला एक्सपोर्टची यादी मागायची. पहिल्या, क्लासवर मॅक्रोवाल्या डीएलएलची यादी बघण्यासारखी होती, दोन प्रश्नचिन्हं आणि ४ ने सुरू होणारी नावं ढिगाने, ते असाइनमेंट ऑपरेटर, जे कोणी कधी वापरलेले नाहीत, आणि दोन प्रश्नचिन्हं, अंडरस्कोर, ७ वाल्या व्हीटेबल. नंतरच्या यादीत, एक अपवाद सोडला तर, आम्ही हाताने मॅक्रो लावलेलीच नावं. ती यादी आता रेपोमध्ये टेक्स्ट फाइल म्हणून ठेवलीय आणि बिल्डमध्ये तुलना होते, कोणी नकळत काही बाहेर सोडलं तर रिव्ह्यूत फरक दिसतो.

एकच क्लास अजून पूर्ण एक्सपोर्टेड आहे, मशीन ड्रायव्हरचा बेस, कारण व्हेंडरने त्यावरून स्वतःचे दोन ड्रायव्हर डिराइव्ह केलेत आणि ते बदलायला तो या तिमाहीत तयार नाही. तिथे सी ४२५१ फक्त त्या क्लासपुरती, पुश-पॉपच्या मधे बंद केलीय, आणि हेडरमध्ये स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) टाकलाय की इटरेटर डीबग लेव्हल शून्य नसेल, म्हणजे साधारण डीबग बिल्ड असेल, तर कंपाइलच होऊ नये. व्हेंडर व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ वर, आम्ही २०२२ वर, २०१५ पासूनचे टूलसेट एकमेकांशी जुळतात म्हणून चाललंय. तो असर्ट गेल्याच आठवड्यात त्यांच्याकडे एकदा वाजला, फोन आला की तुमचं हेडर कंपाइल होत नाही, मी म्हटलं रिलीजवर करा.